लॉग फाइलींचे संपीडन आणि कॉन्फिगरेशन पर्यायांची घडण : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

संगणक-प्रणाली आपल्या व्यवहारांची जी नोंद ठेवते तिला लॉग म्हणतात. ही नोंद सतत वाढत असल्याने तिचे संपीडन, म्हणजेच कॉम्प्रेशन, करावे लागते. संपीडन केव्हा, कसे व किती काळासाठी करावयाचे हे कॉन्फिगरेशनमधील काही पर्याय ठरवतात. प्रस्तुत निबंधात १९८०च्या दशकापासून २०२४ पर्यंत युनिक्स व तिच्या परंपरेतील प्रणालींमध्ये हे पर्याय कसे घडत गेले याचा मागोवा घेतला आहे. हे पर्याय वरकरणी तांत्रिक दिसले तरी प्रत्यक्षात ते दफ्तर राखण्याचे धोरण आहेत आणि त्यांतील पूर्वनिर्धारित मूल्य हाच बहुतेक ठिकाणी अंतिम निर्णय ठरतो, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

प्रस्तावना

इतिहासाचा अभ्यासक साधनांकडे दोन प्रश्न घेऊन जातो. साधन काय सांगते हा पहिला प्रश्न होय. ते साधन कोणाच्या निर्णयामुळे आपल्यापर्यंत पोहोचले, हा दुसरा. पुणे पुरालेखागारात पेशवे दफ्तराचा रुमाल सोडून बसणाऱ्या संशोधकास या दुसऱ्या प्रश्नाची चांगलीच जाणीव असते. कोणता कागद कोणत्या रुमालात बांधला गेला यावर तो पुढे सापडणार की नाही हे पुष्कळदा अवलंबून असते. हाच प्रश्न संगणकाने लिहिलेल्या नोंदींबाबतही विचारावयास हवा.

‘लॉग’ या शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका असा आहे. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात टाकीत आणि मोजलेला वेग ज्या वहीत टिपून ठेवीत ती लॉगबुक. संगणकाने हा शब्द जसाच्या तसा उचलला. कोणी केव्हा प्रवेश केला, कोणते पत्र कोठे गेले, कोणत्या यंत्रणेत बिघाड झाला, हे सारे ओळीओळीने वेळेसह लिहिले जाते. या नोंदीचे मोल बहुधा काही अघटित घडल्यानंतरच कळते, आणि त्या वेळी ती शिल्लक असेल की नाही हे आधीच ठरून गेलेले असते.

याचे बोलके उदाहरण १९८६ मधील आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आढळली. या क्षुल्लक तफावतीचा पाठपुरावा करता करता तो तत्कालीन पश्चिम जर्मनीतील एका घुसखोरापर्यंत पोहोचला. घुसखोर संगणकातील नोंदी बदलू शकतो हे ओळखून स्टोलने बाहेरून येणाऱ्या वाहिन्यांना छपाईयंत्रे जोडली व प्रत्येक कळीचा ठसा कागदावर उतरवून घेतला. नोंद राखणे हे सुरक्षेचे अंग आहे, हे या घटनेने ठळकपणे दाखवून दिले.

अभ्यासाची व्याप्ती

प्रस्तुत विवेचन युनिक्स परंपरेतील तीन साधनांपुरते मर्यादित आहे : न्यूसिसलॉग, लॉगरोटेट आणि सिस्टमडीमधील जर्नल. या साधनांच्या मार्गदर्शक पुस्तिका व आवृत्ती-टिपा हे ऐतिहासिक दस्तऐवज मानून त्यांतील पर्यायांचे वाचन येथे केले आहे. गणिती बाजूचा विचार आवश्यक तेवढाच केला आहे.

१. नोंद लिहिणे आणि नोंद राखणे

१९८०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील केंद्रात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या पत्रव्यवहार-प्रणालीच्या कामाचा एक भाग म्हणून सिसलॉग ही व्यवस्था तयार केली. तत्पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या पद्धतीने, आपल्याला हवे तेथे नोंद करीत असे. सिसलॉगने लिहिणाऱ्याचे काम आणि साठवणाऱ्याचे काम वेगळे केले. प्रोग्रॅमने संदेश द्यावा, तो कोणत्या फाइलीत जावा हे एका स्वतंत्र कॉन्फिगरेशन फाइलीने ठरवावे, अशी ही विभागणी होती. पुढे ही पद्धत इतकी रूढ झाली की २००१ मध्ये आरएफसी ३१६४ या दस्तऐवजाने प्रचलित व्यवहाराचे वर्णन केले आणि २००९ मध्ये आरएफसी ५४२४ ने तिला प्रमाणित रूप दिले.

सिसलॉगने नोंद कोठे जावी हे ठरवले. ती किती काळ राहावी याविषयी मात्र तो मौन पाळतो. फाइल वाढत राहते. डिस्कची क्षमता मेगाबाइटमध्ये मोजली जाण्याच्या त्या काळात भरलेली डिस्क म्हणजे ठप्प झालेली प्रणाली होती. म्हणून ठराविक काळाने चालू फाइल बाजूला सारून नवी उघडणे, जुन्यांना क्रमांक देणे व सर्वांत जुनी काढून टाकणे ही प्रथा पडली. हिलाच लॉगचे आवर्तन किंवा रोटेशन म्हणतात. संपीडन या आवर्तनाच्या साखळीतच येऊन बसले.

२. संपीडनाचे तत्त्व व पेटंटचा अडसर

लॉग फाइल संपीडनास अतिशय अनुकूल असते, कारण तीत पुनरुक्ती फार असते. तोच यंत्राचा नामनिर्देश, तोच प्रोग्रॅम, तीच वाक्यरचना हजारो ओळींत येते. बदलतो तो काळ व एखादा अंक. अब्राहम लेम्पेल व जेकब झिव्ह यांनी १९७७ व १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धती नेमक्या याच गुणाचा लाभ घेतात. आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला तर तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा व इतकी अक्षरे घ्या’ अशी खूण करणे, हे १९७७ च्या पद्धतीचे सार होय. यात मूळ मजकुराचे एकही अक्षर गमावले जात नाही. पुराव्याच्या दृष्टीने ही बाब कळीची आहे.

टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये १९७८ च्या पद्धतीचे सुधारित रूप प्रसिद्ध केले. त्यावर आधारलेला ‘कॉम्प्रेस’ हा प्रोग्रॅम युनिक्सवर लवकरच सर्वत्र पसरला. त्याने केलेल्या फाइलींच्या नावापुढे ‘झेड’ हे मोठे अक्षर लागत असे. परंतु वेल्च यांच्या पद्धतीवर पेटंट होते व ते पुढे युनिसिस कंपनीकडे आले. मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांना पेटंटमुक्त पर्यायाची गरज भासली. त्यातून जाँ-लू गेली व मार्क ॲडलर यांचा जीझिप हा प्रोग्रॅम १९९२ मध्ये पुढे आला. त्याचे स्वरूप १९९६ मध्ये आरएफसी १९५१ व १९५२ या दस्तऐवजांत नोंदवले गेले. वेल्च यांच्या पद्धतीवरील अमेरिकेतील पेटंट २००३ मध्ये संपुष्टात आले. तोवर ‘कॉम्प्रेस’ची जागा जीझिपने घेतली होती.

पुढे ज्यूलियन सीवर्ड यांचा बीझिप२ (१९९६), लासे कॉलिन यांचा एक्सझेड (२००९) आणि यान कोले यांचे झेडस्टँडर्ड (पहिली स्थिर आवृत्ती २०१६) हे पर्याय आले. कोणी आकार अधिक घटवतो तर कोणी वेळ वाचवतो. दफ्तराच्या दृष्टीने एक भेद विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जीझिपने केलेली फाइल मध्येच बिघडली तर तिचा पुढील भाग वाचणे अवघड होते, कारण पुढील खुणा मागील मजकुरावर विसंबून असतात. बीझिप२ मजकुराचे स्वतंत्र खंड करतो व त्यामुळे उरलेले खंड वाचवता येतात. पद्धत निवडताना केवळ आकार पाहणे पुरेसे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

३. न्यूसिसलॉग : एका अक्षराची परंपरा

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील अथीना प्रकल्पात थिओडोर त्सो यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूसिसलॉग हे साधन लिहिले. त्याची कॉन्फिगरेशन फाइल म्हणजे एक कोष्टक होते. एका ओळीत एका लॉग फाइलीचे नाव, तिचे परवाने, जपावयाच्या जुन्या प्रतींची संख्या, आकाराची मर्यादा, कालांतर आणि शेवटी काही अक्षरी खुणा असत. आवर्तन झाल्यावर नव्या फाइलीत ‘लॉग फाइल पालटली’ अशा आशयाची ओळ हे साधन स्वतः लिहिते. दफ्तर कोठे तोडले गेले याची खूण दफ्तरातच राहते, ही पद्धत पुराभिलेखशास्त्राच्या अभ्यासकास निश्चितच भावेल.

अक्षरी खुणांपैकी ‘झेड’ ही संपीडनाची खूण होती. तिचा उगम ‘कॉम्प्रेस’ने लावलेल्या अक्षरात होता. पुढे फ्रीबीएसडी या प्रणालीत प्रत्यक्ष काम जीझिप करू लागला, तरी खूण ‘झेड’च राहिली. नव्या पद्धती आल्या तशी नवी अक्षरे जोडली गेली : बीझिप२ साठी ‘जे’, एक्सझेडसाठी ‘एक्स’, झेडस्टँडर्डसाठी ‘वाय’. मूळ खुणेचा अर्थ ‘ही फाइल संपीडित करा’ एवढाच होता. नव्या खुणांनी तो ‘ही फाइल अमुक साधनाने संपीडित करा’ असा केला. फाइलीचा गुणधर्म आणि त्या क्षणी उपलब्ध असलेले साधन या दोन भिन्न गोष्टी एकाच अक्षरात मिसळल्या गेल्या. साधन बदलावयाचे तर कोष्टकातील प्रत्येक ओळ बदलणे भाग पडू लागले.

४. लॉगरोटेट : पर्यायांना शब्दरूप

१९९०च्या दशकाच्या मध्यास रेड हॅट कंपनीत एरिक ट्रोन यांनी लॉगरोटेट लिहिले. येथे अक्षरी खुणांऐवजी शब्द आले. ‘डेली’, ‘वीकली’, ‘रोटेट’, ‘कॉम्प्रेस’ असे शब्द ओळीओळीने लिहावयाचे व ते सर्व फाइलींसाठी एकदम किंवा एखाद्या फाइलीपुरते लागू करावयाचे, अशी ही रचना आहे. ‘कॉम्प्रेस’ हा पर्याय संपीडन करावे एवढेच सांगतो. कोणत्या प्रोग्रॅमने करावे, फाइलीच्या नावापुढे काय लावावे, प्रोग्रॅमला कोणत्या सूचना द्याव्यात, हे वेगळे पर्याय सांगतात. न्यूसिसलॉगमध्ये मिसळलेल्या दोन गोष्टी येथे वेगळ्या ठेवलेल्या दिसतात.

लॉगरोटेटमधील सर्वांत अर्थपूर्ण पर्याय ‘डिलेकॉम्प्रेस’ हा होय. नुकतीच बाजूला सारलेली फाइल लगेच संपीडित न करता पुढील आवर्तनापर्यंत तशीच ठेवावी, असे तो सांगतो. युनिक्समध्ये फाइलीचे नाव बदलले तरी ती आधीच उघडून बसलेला प्रोग्रॅम त्याच फाइलीत लिहीत राहतो. अशा वेळी जीझिप फाइल वाचून तिची लहान प्रत करतो व मूळ फाइल काढून टाकतो. दरम्यान लिहिलेल्या ओळी कोठेच राहत नाहीत. संपीडनाची पद्धत निर्दोष असूनही चुकीच्या क्षणी केलेल्या संपीडनाने नोंद नष्ट होते, या अनुभवातून हा पर्याय जन्मला. ‘कॉपीट्रंकेट’ या दुसऱ्या पर्यायाविषयी मार्गदर्शक पुस्तिका स्वतःच बजावते की प्रत काढणे व मूळ फाइल रिकामी करणे यांमधील अत्यल्प काळात काही नोंदी गमावल्या जाऊ शकतात. एखाद्या साधनाने आपली उणीव इतक्या स्पष्टपणे सांगावी हे उल्लेखनीय आहे.

पूर्वनिर्धारित मूल्यांचा विचार येथे आवश्यक ठरतो. लॉगरोटेट सूचना दिल्याखेरीज संपीडन करीत नाही. लिनक्सच्या अनेक वितरणांसोबत आलेल्या कॉन्फिगरेशन फाइलीत ‘कॉम्प्रेस’ हा शब्द लिहिलेला असे, पण त्याआधी टिप्पणीचे चिन्ह असे. ज्यास संपीडन हवे त्याने ते चिन्ह पुसावे, अशी सूचना वरच्या ओळीत असे. त्याच फाइलीत आवर्तन आठवड्याला व जुन्या प्रती चार, असे मूल्य दिलेले असे. म्हणजे व्यवस्थापकाने फाइल उघडलीच नाही तर सुमारे महिन्याभराची नोंद, तीही असंपीडित, शिल्लक राहणार. ही चाराची संख्या कोणत्याही दफ्तरखान्याने ठरवलेली नव्हती. तरीही असंख्य यंत्रांचे दफ्तर तिनेच ठरवले.

५. जर्नल : पर्यायांचा संकोच व त्याची किंमत

नोव्हेंबर २०११ मध्ये लेनार्ट पॉटरिंग व काय सीव्हर्स यांनी सिस्टमडीसाठी जर्नल ही नवी व्यवस्था जाहीर केली. येथे नोंद साध्या मजकुराच्या ओळींत न राहता द्विमान स्वरूपाच्या फाइलीत जाते. संपीडन वेगळ्या प्रोग्रॅमने नंतर करण्याऐवजी लिहितानाच केले जाते. पर्याय एकच : ‘कॉम्प्रेस’. तो पूर्वनिर्धारितपणे चालू असतो आणि ५१२ बाइटपेक्षा मोठ्या घटकांनाच लागू होतो. ही मर्यादा बदलता येते. पद्धत मात्र प्रणाली ठरवते. आरंभी एक्सझेड, २०१४ पासून एलझेड४ आणि २०२० मधील २४६ व्या आवृत्तीपासून झेडस्टँडर्ड असा हा क्रम आहे.

पर्याय कमी असल्याने चुकीची शक्यता घटली, हे मान्य करावे लागेल. परंतु याला दुसरी बाजूही आहे. फाइलीच्या शीर्षभागात वापरलेल्या पद्धतीची नोंद असते व ती पद्धत ज्या जुन्या वाचकास ठाऊक नाही तो ती फाइल उघडत नाही. दफ्तर शाबूत असूनही ते वाचण्याचे साधन विशिष्ट आवृत्तीशी बांधले जाते.

याहून गंभीर धडा मार्च २०२४ मध्ये मिळाला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ प्रवेशाच्या प्रक्रियेत सुमारे अर्ध्या सेकंदाचा अनपेक्षित विलंब जाणवला. त्याच्या शोधातून एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये हेतुपुरस्सर घातलेला चोरदरवाजा उघडकीस आला. प्रवेश देणाऱ्या प्रोग्रॅमचा एक्सझेडशी थेट संबंध नव्हता. काही वितरणांनी त्याला सिस्टमडीच्या ग्रंथालयाशी जोडले होते आणि ते ग्रंथालय जर्नलच्या संपीडनासाठी एक्सझेडवर अवलंबून होते. घरात कोण आले हे टिपणाऱ्या वहीच्या बांधणीतूनच चोराला वाट मिळाली, असे याचे वर्णन करता येईल. त्याच वर्षीच्या २५६ व्या आवृत्तीपासून संपीडनाची ग्रंथालये आवश्यकता भासेल तेव्हाच जोडली जातात.

६. खुणेचा नवा अर्थ

२०२३ च्या अखेरीस फ्रीबीएसडीमध्ये न्यूसिसलॉगच्या पर्यायांचा पुनर्विचार झाला. दरम्यान झेडएफएससारख्या फाइल-व्यवस्था स्वतःच पारदर्शकपणे संपीडन करू लागल्या होत्या. त्यांवर ठेवलेली लॉग फाइल पुन्हा संपीडित करण्यात फारसा लाभ उरत नाही आणि शोध घेताना मात्र ती उलगडावी लागते. म्हणून सर्व फाइलींसाठी एकच पद्धत ठरवणारा पर्याय जोडण्यात आला. तो वापरला असता ‘जे’, ‘एक्स’, ‘वाय’, ‘झेड’ या साऱ्या खुणांचा अर्थ ‘ही फाइल संपीडनयोग्य आहे’ एवढाच घेतला जातो. कोणती पद्धत वापरावी, किंवा संपीडन मुळीच करू नये, हे एका ठिकाणी ठरते. ज्यांना जुना अर्थ हवा त्यांच्यासाठी ‘लेगसी’ हे मूल्य आहे आणि आरंभी तेच पूर्वनिर्धारित ठेवले गेले.

या बदलाचे महत्त्व त्याच्या आकाराहून मोठे आहे. सुमारे ३५ वर्षांत खुणेने एक वर्तुळ पूर्ण केले. ‘संपीडित करा’ येथून ती ‘अमुक साधनाने संपीडित करा’ येथे गेली आणि शेवटी फाइलीच्या गुणधर्माकडे परतली. जुन्या कोष्टकांतील एकही ओळ न मोडता हे साधले गेले.

७. भारतीय संदर्भ

भारतात हा विषय २८ एप्रिल २०२२ रोजी कायद्याच्या कक्षेत ठळकपणे आला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये सर्ट-इन या संस्थेने त्या दिवशी निर्देश काढले. सेवा-पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या सर्व संगणक-प्रणालींचे लॉग चालू ठेवावेत व ते सतत सरकत्या १८० दिवसांच्या कालावधीसाठी सुरक्षित राखावेत, असे त्यांत म्हटले आहे.

निर्देश दिवसांच्या भाषेत बोलतात, तर साधने बहुधा प्रतींच्या व आकाराच्या भाषेत. आठवड्याचे आवर्तन असेल तर १८० दिवसांसाठी किमान २६ जुन्या प्रती हव्यात. चार प्रतींचे मूल्य तसेच राहिले तर पाच महिन्यांची नोंद हातची गेली. आवर्तन आकारावर अवलंबून असेल तर अडचण अधिक खोल आहे. घुसखोराने निरर्थक नोंदींचा भडिमार केला की फाइली भराभर फिरतात आणि त्याच्या प्रवेशाची खरी नोंद काही तासांत क्रमाबाहेर ढकलली जाते. जर्नलचा साठाही पूर्वनिर्धारितपणे फाइल-व्यवस्थेच्या १० टक्के व कमाल ४ गिगाबाइट असा आकारानेच बांधलेला आहे. अशा स्थितीत संपीडनाचा खरा उपयोग समोर येतो : तेवढ्याच जागेत अधिक दिवस मावतात व जुनी नोंद पुसण्याचा मोह कमी होतो.

निष्कर्ष

१. संपीडनाचे पर्याय हे दफ्तर राखण्याचे धोरण होय. आकार, प्रतींची संख्या व पद्धत यांतील प्रत्येक मूल्य भविष्यात कोणता पुरावा शिल्लक राहील हे ठरवते.

२. पर्यायाने नोंदीचा गुणधर्म सांगावा. साधनाचे नाव वेगळ्या ठिकाणी असावे. साधने पेटंटमुळे, वेगामुळे किंवा सुरक्षेच्या कारणाने बदलत राहतात, हे वरील इतिहासावरून दिसून येते.

३. संपीडनाची पद्धत निर्दोष असणे पुरेसे नाही. ते कोणत्या क्षणी होते आणि बिघडलेल्या फाइलीतून किती वाचवता येते, यांचाही विचार पर्याय आखताना व्हावा.

४. पूर्वनिर्धारित मूल्य बदलले जात नाही असे गृहीत धरूनच ते ठरवावे. जेथे कायदा दिवस सांगतो तेथे साधनातील मूल्यही दिवसांत मांडणे आणि जागा अपुरी पडल्यास मुकाट्याने पुसण्याऐवजी इशारा देणे इष्ट ठरेल.

प्रवेश, परीक्षा व निकाल यांची कामे आता महाविद्यालयांतही संगणकावर होतात. एखाद्या विद्यार्थ्याचा अर्ज मुदतीत पोहोचला की नाही असा वाद उद्या उभा राहिला, तर त्याचा निवाडा सर्व्हरच्या लॉगमधील एका ओळीवर होऊ शकतो. ती ओळ त्या दिवशी हाती असावी असे वाटत असेल, तर आपल्या सर्व्हरवरील कॉन्फिगरेशन फाइल एकदा उघडून तीत किती प्रती व किती दिवस लिहिले आहेत हे आजच पाहिले पाहिजे.